चिंचेने उजळलेली नाणी

१

मी हेमचंद्र. डेट्रॉइटजवळ नोव्हायला राहतो आणि माझं काम खडखड शोधायचं. एका मोटार कंपनीच्या नॉइज विभागात मी इंजिनियर आहे. नवी गाडी चालताना कुठे किरकिरली, टकटकली, घुमली की ती माझ्याकडे येते. मी कानाला हेडफोन लावून आत बसतो आणि सांगतो, डॅशबोर्डच्या मागचा डावा स्क्रू. बहुतेक वेळा तोच असतो. माझी बायको सुहासिनी म्हणते, या माणसाला देवाने कान दिले पण ऐकून घ्यायची अक्कल दिली नाही. तिचं ते चालूच असतं.

हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढे मी जे ऐकलं ते भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्या कुणा भित्र्याने ऐकलेलं नाही. मला आवाज कळतात. दुसरं फारसं काही कळत नाही, पण आवाज कळतात.

गोष्ट शहाऐंशी सालच्या जानेवारीतली. वडील गेल्यावर मी आईला मिरजेहून इकडे आणलं. धाकटा भाऊ बाळ दुबईला, म्हणजे मिरजेत ती एकटीच. सहा महिन्यांसाठी म्हणून आली आणि मी ठरवून टाकलं की आता तिला परत पाठवायचं नाही. परतीचं तिकीट कॅन्सल केलं आणि तिला तसं सांगितलंही. ती हो म्हणाली नाही की नाही म्हणाली नाही. फक्त रोज संध्याकाळी भाजी निवडताना विचारायची, "हेमू, माझं तिकीट कधीचं रे?" जसं काही मी सांगितलंच नव्हतं. मी विषय बदलायचो. मला ती हवी होती. चाळिशी उलटलेल्या माणसाने हे म्हणायला लाजायचं कारण नाही. वडील गेले तेव्हा मी वेळेवर पोचू शकलो नव्हतो, आणि आता ही एकच उरली होती.

दिवसभर घरात ती एकटी. सुहासिनी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, मी ऑफिसात. आईला इंग्रजी येत नाही म्हणून फोनची आमची खूण ठरलेली: दोनदा वाजवून ठेवायचा आणि परत लावायचा, तरच तिने उचलायचा. जेवणाच्या सुट्टीत मी रोज करायचो.

"जेवलीस?"

"जेवले."

"काय करतेस?"

"काय करणार, बर्फ बघते."

एवढं ऐकलं की मी माझा डबा उघडायचो.

२

आमच्याच विभागातून रिटायर झालेला वॉल्ट नावाचा माझा एक मित्र आहे. उंचापुरा, कमी बोलणारा, नाण्यांचा षौकीन. त्याच्या नादाने मी एका शनिवारी नाण्यांच्या प्रदर्शनाला गेलो आणि मूठभर रोमन नाणी घेऊन आलो. नाणी म्हणजे काय, तर मातीची पुटं चढलेल्या काळ्या चकत्या. सोळाशे वर्षांपूर्वीचं ब्राँझ. वॉल्टने बजावलं होतं, घासायची नाहीत. ऑलिव्ह ऑइलमध्ये बुडवून ठेव, महिनेच्या महिने लागू देत, माती आपोआप सुटते. वरचा हिरवाकाळा थर म्हणजे नाण्याची कातडी, ती गेली की नाणं मेलं. मी ती तेलाच्या बरणीत घालून बेसमेंटच्या खिडकीत ठेवली आणि विसरलो.

आमचं देवघर म्हणजे पुढच्या दाराच्या पॅसेजमधलं कपाट. खालच्या भागात कोट आणि बूट, वरच्या फळीवर देव. इकडे सगळ्यांचं असंच असतं. एके संध्याकाळी कोट लटकवायला कपाट उघडलं तर वरची फळी झगझगत होती. गणपती आणि अन्नपूर्णेच्या पुढे ओळीने माझी नाणी. नुकत्याच घासलेल्या तांब्यासारखी लाल. प्रत्येकावर कुंकवाचं बोट.

"आई, हे काय केलंस?"

"काळे ठिक्कर पडले होते रे टाक," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "तेही कसल्या तेलात, ना गोडं ना खोबरेल. चिंच आणि मीठ लावून घासले. बघ, कसे निघाले."

देवांचे टाक वाटले तिला. घरोघरच्या देवघरात चांदीचे, तांब्याचे असतात ते, वर देवाचं चित्र ठोकलेले. चूक अशी की आपल्याच माणसाच्या हातून व्हावी. मी संतापलो, कातडी, रसायन, सोळाशे वर्षं असं बरंच काही बोललो. ती पदराला हात पुसत शांतपणे ऐकत होती.

"कुणाच्या तरी घरचे देव ना ते? घर मोडलं असेल, म्हणून बाजारात आले. बरणीत बुडवून ठेवतात का देव?"

झालं ते झालं म्हणून मी एक नाणं उजेडात धरलं. एका बाजूला मोठ्या डोळ्यांचा, नाकेला बादशहा. आई त्याला 'नाकाड्या' म्हणायची. दुसऱ्या बाजूला एक झोपडी, तिच्यावर वाकलेलं झाड, आणि चिलखत घातलेला, भाला घेतलेला एक शिपाई. तो झोपडीपासून दूर निघालेला, पण मान वळवून मागे बघणारा. त्याचा एक हात झोपडीच्या दाराकडे लांब केलेला. हातात काही नव्हतं.

"बोलावतोय कुणाला तरी," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी लायब्ररीत नाण्यांचं जाडजूड पुस्तक काढून बघितलं. अगदी साधा प्रकार, त्या काळात पोत्यांनी पाडलेला. भोवतीच्या लॅटिन अक्षरांचा अर्थ, सुखाचे दिवस परत आले. पण पुस्तकातल्या चित्रात शिपायाच्या हातात हात होता. एक छोटंसं माणूस, त्याच्या कमरेइतकंच, झोपडीच्या दारातून वाकून बाहेर येत होतं आणि शिपाई त्याला हाताला धरून नेत होता.

माझ्या एकाही नाण्यावर ते छोटं माणूस नव्हतं. झिजलं म्हणावं, तर झिजतं ते आधी उंच भागावरचं. झाडाचं पान न् पान शाबूत, चिलखताचे पट्टे शाबूत, आणि मधलं माणूसच तेवढं झिजलं, असं कुठे होत नाही. चिंचेने खाल्लं म्हणावं, तर तिथला धातू गुळगुळीत होता. मग मी म्हटलं, साच्यातच दोष असेल. एकाच ढिगातली नाणी, एकच साचा. तेवढ्यावर समाधान मानलं आणि पुस्तक परत केलं.

३

नंतर एकदा दुपारी खुणेप्रमाणे फोन लावला तर आईने उचलायला वेळ लावला.

"जेवलीस?"

"थांब रे, त्याला वाढतेय."

"कुणाला?"

"अरे, तो आलाय ना."

तिच्या आवाजामागे मला एक ठोका ऐकू आला. लाकडी दांडा, टोकाला लोखंड, आणि खाली आमच्या पॅसेजच्या फरश्या. थोड्या वेळाने पुन्हा एक. कुणी उभं असताना काठीवरचा भार बदलतं, तसा. आई काठी वापरत नव्हती.

निसरड्या रस्त्यावरून गाडी कशी चालवली ते माझं मला माहीत. गॅरेजमधून आत शिरलो तर आई एकटी, खिडकीशी बसून वाती वळत होती. पुढच्या दाराला आतून साखळी. कपाटासमोर जमिनीवर ताट वाढलेलं: वरणभात, वर तूप, कडेला लिंबू. म्हणजे नैवेद्य. माझा जीव भांड्यात पडला.

"कोण आलं होतं, आई?"

"नाव नाही सांगत तो."

"मग बोलता काय?"

"त्याची भाषा मला कळत नाही," आई म्हणाली. "आणि इथे मला कुणाची कळते रे? मी बोलते, तो ऐकतो. चांगला आहे. दमलेला दिसतो."

मी हसलो. एकटेपणात म्हातारी माणसं बोलतात स्वतःशी, त्यात काय. ठोक्याचं कारणही शोधलं. हीटिंगच्या डक्टची एक पट्टी बेसमेंटमध्ये सैल झाली होती, ती आवळली. फरशीवर लोखंड वाजावं तसा आवाज सैल पट्टीने येऊ शकतो. येतो असं नाही, येऊ शकतो.

त्यानंतर आईने तिकिटाचं विचारणं बंद केलं. भाजी निवडताना गुणगुणायला लागली. मला इतका आनंद झाला की मी सुहासिनीला म्हटलं, "रमली बघ आई."

सुहासिनी म्हणाली, "रमली खरी. पण परवा मी घरात शिरले तर माझ्याशी बोलता बोलता त्या मध्येच थांबल्या आणि माझ्या मागे बघून मान हलवली. कुणी काही सांगितलं की हलवतो ना, तशी. मला नाही आवडलं ते."

"तुझं आपलं काहीतरीच."

"माझं काहीतरीच असू दे. देवघर आहे की म्युझियम? ती नाणी हलव तिथून."

मी नाही हलवली. आई हसत होती, आणि ती हसणं थांबवेल असं काही मला करायचं नव्हतं.

४

शनिवारी दुपारी सुहासिनी आईला घेऊन मॉलमध्ये गेली. घर रिकामं होतं. उन्हाचा पट्टा हॉलमध्ये पडला होता, फ्रिज गुणगुणत होता. म्हटलं, आज एकदाचा सोक्षमोक्ष लावू.

आमच्या धंद्यात खोली तपासायची एक गावठी रीत आहे. टाळी वाजवायची आणि ती कशी विरते ते ऐकायचं. रिकाम्या खोलीत टाळी घुमते. आत गादी असली, पडदे असले, माणूस असला की तितकी घुमत नाही, कारण अंग आवाज शोषतं. वर्षानुवर्षं हेच केलं की डोळे मिटूनही सांगता येतं की शेजारच्या खोलीत कुणी बसलंय.

हॉलमध्ये वाजवली. ठीक. स्वयंपाकघरात ठीक. बेसमेंटमध्ये खणखणीत. मग पॅसेजमध्ये येऊन वाजवली.

मेली. टाळी तिथल्या तिथे मेली.

कोट असतील, म्हणून कपाटातले सगळे कोट काढून बेडरूममध्ये टाकले. खालची सतरंजी गुंडाळून बाहेर ठेवली. बूटसुद्धा हलवले. आता पॅसेजमध्ये उघड्या भिंती, फरश्या आणि मी. पुन्हा वाजवली. तशीच मेली. मी दाराकडे सरकलो आणि वाजवली, तर घुमली. कपाटाकडे सरकलो, घुमली. आईच्या खोलीच्या दाराशी मात्र बसकी. तेवढ्याच जागेत, एका माणसाच्या रुंदीएवढी. मोठ्या माणसाच्या. मी त्या जागेकडे बघत राहिलो. तिथे भिंत होती, भिंतीवर कॅलेंडर होतं आणि उजेड होता.

हात दुखू लागले होते, तरी आणखी एकदा वाजवली. या वेळी ती माझ्या तोंडासमोर विरली. मोठ्या ओल्या घोंगडीत तोंड घालून बोलावं, तेवढ्या जवळ.

मी मोजे घातलेल्या पायांनी ड्राइव्हवेवर जाऊन उभा राहिलो. गाडी येईपर्यंत तिथेच होतो. सुहासिनीने काच खाली करून विचारलं, "हे काय, वेड लागलंय का?" मी तिला म्हटलं, "नाणी आजच्या आज घालवायची." एरवी वाद घालणारी ती सरळ आत गेली आणि तिने वॉल्टचा नंबर काढून दिला.

५

वॉल्टला फोन केला. घासलेली नाणी तो फुकटसुद्धा घेणार नव्हता. "चिंच म्हणजे काय?" एवढंच त्याने तीन वेळा विचारलं. आणि आईलाही ती कुणाला द्यायची नव्हती.

"देव असे देऊन टाकत नाहीत. पाण्यात सोडायचे."

"आई, बाहेर बघ. पाणी आहे कुठे?"

पाणी वॉल्टकडे होतं. आमच्या जवळचं वॉल्ड लेक हे तळं गोठलं की तो त्यावर मासे धरतो. तळ्याच्या मध्यावर त्याची प्लायवूडची एक खोपटी आहे, आत शेगडी, बसायला बादली आणि बर्फाला पाडलेलं भोक. ये म्हणाला.

रविवारी दुपारी आम्ही गेलो. सुहासिनीची ड्यूटी होती, म्हणून मी आणि आईच. लुगड्यावर माझा जुना जाड कोट, पायांत माझेच बूट, हातात दह्यापोह्यांचा डबा. निरोपाच्या वेळी शिदोरी द्यायलाच हवी. गाडी काठावर लावून मी तिला हाताला धरून बर्फावरून नेलं. आकाश स्वच्छ होतं, ऊन तिरपं. बर्फ खाली कुठे तरी कण्हल्यासारखा वाजायचा. जाड बर्फ असाच वाजतो, त्यात धोका नसतो. आईला तसं सांगितलं.

"मी नाही घाबरत," ती म्हणाली.

खोपटीचं दार बुटकं. वाकून आत गेलो. वॉल्टने टोपी काढली आणि बादली पुढे केली, पण आई भोकाशी उकिडवी बसली. खालचं पाणी काळं होतं. तिने नाण्यांवर हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, दह्यापोह्याचा घास पाण्यात सोडला. मग ओठांत पुटपुटलेलं ते मला नीट ऐकू आलं: पुनरागमनाय च. गणपतीला म्हणतो तेच. परत येण्यासाठी.

"आई, ते नको म्हणूस."

"का?"

"परत ये असं नको म्हणूस त्याला."

"असं कसं?" ती माझ्याकडे बघून म्हणाली. "दारात आलेल्याला जा म्हणतात का कुणी? तुझ्या आजीने शिकवलंय मला ते."

एकेक नाणं बोटांतून सुटलं, पाण्यात लाल चमकलं आणि गेलं. शेवटचं गेल्यावर मला खरोखर हलकं वाटलं. खोपटीत ऐकू येत होती ती शेगडी, वॉल्टचा जड श्वास आणि वारा. दुसरं काही नव्हतं.

"तू इथे शेगडीशी बस," मी आईला म्हटलं. "मी गाडी गरम करून येतो."

६

गाडीचं इंजिन सुरू केलं, काचेवरचा बर्फ खरवडला आणि मागे वळलो. तेवढ्यात आई खोपटीतून बाहेर येत होती. बुटक्या दारातून वाकून, आधी एक हात पुढे करून. तो हात तिने खाली घेतला नाही. तसाच वर, खांद्याच्या उंचीवर धरून ती चालायला लागली. काठाकडे नाही. पलीकडे, तळ्याच्या उघड्या बाजूला, जिथे झरा असल्याने बर्फ पातळ असतो आणि लाल निशाणं रोवलेली असतात.

वॉल्ट दारात आला. हातात भोकातला बर्फ काढायची जाळी तशीच होती.

"हेम," तो मला म्हणाला, "तिच्याबरोबर कोण आहे?"

मी पळालो. पडलो, उठलो, पळालो. ऊन डोळ्यांवर येत होतं आणि बर्फ इतका पांढरा की काही धड दिसत नव्हतं. तिची सावली तेवढी स्पष्ट होती, लांब, छोट्या बाईची. त्या सावलीचा हात दुसऱ्या एका सावलीच्या हातात होता. ती सावली फार मोठी होती आणि तिच्या खांद्यावरून एक रेघ तिरपी वर गेलेली होती. ती सावली ज्याची होती त्याच्याकडे बघायचं मी ठरवलं आणि माझे डोळे तिथे जाईनात. आवाज मात्र येत होता. बर्फावर लोखंडी टोक. एक पाऊल, एक ठोका.

निशाणांच्या अलीकडे मी तिला गाठलं आणि तिचा मोकळा हात दोन्ही हातांनी धरला. ती थांबली. पलीकडचंही थांबलं. मी ओढलं तर तिकडूनही ओढ आली, हिसका नाही, नुसता भार, न दमणाऱ्या माणसाचा. पायांखाली बर्फ वाजला, आणि हा आवाज जाड बर्फाचा नव्हता.

मी कुणाशी बोलतोय ते मला दिसत नव्हतं, आणि तरी तोंडातून अदबीनेच आलं. "अहो, सोडा तिला. पाया पडतो तुमच्या. माझी आई आहे ती."

आईने आधी त्याच्या बाजूला वर बघितलं, ऐकल्यासारखं. मग माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. होती ती जरा पंचाईत.

"अरे हेमू," ती म्हणाली, "तोही हेच म्हणतोय."

मला रडू फुटलं. मी म्हटलं, तिकीट काढतो, उद्याच काढतो, तुला मिरजेला पोचवतो, मीसुद्धा येतो, पण इकडे ये. तिने मला बोलू दिलं. बाळ आणि मी एकाच भोवऱ्यावर हक्क सांगून भांडायचो तेव्हा ती आमच्यामध्ये जशी उभी राहायची, तशी उभी होती.

"तू शहाणा ना रे," ती म्हणाली. "मग तूच सोड."

आणि माझ्या मुठीतून तिने आपला हात सोडवून घेतला. माझं एकेक बोट उलगडून, मला दुखू नये म्हणून सावकाश.